कॉम्प्युटर मुलांना वाचायला शिकवतो म्हणजे नेमके काय करतो?

गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, नगरपालिकेच्या शाळांमध्ये आणि आपल्या वस्त्यांतील अभ्यासिकांमध्येही टॅब येऊ लागले आहेत. कधी ते एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून येतात, कधी नोकरीला लागलेला एखादा बांधव आईवडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दोन-चार टॅब विहाराला दान देतो. त्यात वाचन शिकवणारे एखादे अ‍ॅप असते आणि देणारा आवर्जून सांगतो की हे अ‍ॅप प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीनुसार शिकवते. कार्यक्रम होतो, फोटो निघतात. सहा महिन्यांनी पाहावे तर निम्मे टॅब कपाटात आणि उरलेल्यांवर कार्टून.

दान देणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण 'पातळीनुसार शिकवते' या दोन शब्दांत नेमके काय येते, हे आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतले नाही तर कपाटातले टॅब वाढत जातील आणि मुले आहेत तिथेच राहतील. म्हणून हा लेख.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या शाळाबंदीनंतर, हे प्रमाण १६.३ टक्के होते, त्यामुळे सुधारणा आहे. पाचवीच्या मुलांत हे प्रमाण ४४.८ टक्के. म्हणजे पाचवीच्या वर्गात बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. त्यांच्यासमोर पुस्तक मात्र पाचवीचे आहे, आणि त्यात परिसर अभ्यास आहे, इतिहास आहे, गणिताची शाब्दिक उदाहरणे आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला हे सगळेच विषय बंद आहेत.

वर्गातल्या शिक्षकाने काय करायचे? समोर चाळीस मुले. त्यातल्या सहा जणांना अजून अक्षरओळख नाही, दहा जण अक्षरे ओळखतात पण शब्द जोडता येत नाही, दहा-बारा जण अडखळत वाक्य वाचतात, बाकीचे गोष्ट वाचतात. फळ्यावर धडा एकच. तो धडा कोणासाठी असतो? बहुतेक वेळा शेवटच्या गटासाठी, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. पहिल्या गटातली सहा मुले कोणाच्या घरची असतात, हे या वाचकांना सांगायची गरज नाही. ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, जिथे संध्याकाळी आई धुणीभांडी करून येते आणि बाप नाक्यावरून, तिथे राहिलेले अक्षर घरी भरून निघत नाही.

'वाचता येत नाही' हा शब्दसुद्धा फसवा आहे. अभ्यासिकेत तीन मुले घ्या. एक मुलगा 'घर' ला 'धर' वाचतो. घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांत तो चुकतो, म्हणजे अक्षराचा आकार अजून पक्का नाही. एक मुलगी 'मामा' ला 'ममा' वाचते. तिला अक्षरे सगळी येतात, काना-मात्रा सुटतात. तिसरा मुलगा साधा मजकूर सरळ वाचतो आणि 'सर्प', 'चक्र', 'राष्ट्र', 'सुऱ्या' आले की थांबतो, कारण मराठीत एकटा 'र' इतकी वेगवेगळी रूपे घेतो आणि ती त्याला कोणी एकत्र दाखवलेली नाहीत. तिघांच्या प्रगतिपत्रकावर शेरा एकच. उपाय मात्र तीन वेगळे आहेत, आणि पहिल्याचा उपाय तिसऱ्याला दिला तर तो कंटाळून पळून जाईल. प्रत्येक मुलाची चूक वेगळी ओळखायची आणि त्याला त्याच चुकीवर सराव द्यायचा, एवढेच 'पातळीनुसार' या शब्दाचे मूळ आहे. कॉम्प्युटर यात कुठून आला?

ईस्ट पालो अल्टो, १९६६

ही गोष्ट आजची वाटते, पण तिला साठ वर्षे होत आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सुप्पीस आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन हे दोघे प्राध्यापक होते. सुप्पीस तत्त्वज्ञान आणि गणिताचे, अ‍ॅटकिन्सन मानसशास्त्राचे. १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात सुप्पीस यांनी एक भाकीत केले होते. त्याचा आशय असा की, अलेक्झांडर राजपुत्र होता म्हणून त्याला अ‍ॅरिस्टॉटलसारखा खासगी शिक्षक मिळाला; काही वर्षांत कॉम्प्युटरमुळे लाखो सामान्य शाळकरी मुलांना तसा शिक्षक मिळेल.

हे वाचताना आम्हाला एकलव्य आठवला. एका शिष्यासाठी एक गुरू, ही सोय जगभर राजवाड्यात होती आणि राजवाड्याबाहेरच्याने ती मागितली की त्याची किंमत घेतली जात होती. म्हणून सुप्पीस यांचे स्वप्न हसण्यावारी नेऊ नये. ते फाजील आशावादी होते, पण दिशा बरोबर होती.

त्याच वर्षी शरद ऋतूत ईस्ट पालो अल्टो या गावातील ब्रेंटवूड प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांसाठी प्रयोग सुरू झाला. गाव विद्यापीठापासून अगदी जवळ, पण वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब. महामार्गाच्या पलीकडे श्रीमंत पालो अल्टो आणि अलीकडे हे. शाळेत आयबीएम कंपनीची '१५००' नावाची यंत्रणा बसवली. प्रत्येक मुलापुढे एक पडदा, चित्रे दाखवणारा छोटा प्रोजेक्टर, कानाला हेडफोन आणि हातात पडद्यावर टेकवायचे प्रकाशाचे पेन. आज टॅबवर बोट लावतो तेच काम ते पेन करत होते. मूल दिवसातला थोडाच वेळ यंत्रासमोर बसे. बाकी वेळ वर्गात, बाईंसमोर.

धडा कसा होता ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पडद्यावर एक तक्ता येई. डाव्या बाजूला शब्दाची सुरुवात, म्हणजे 'र' किंवा 'ब' ध्वनीचे इंग्रजी अक्षर. वरच्या बाजूला शब्दाचा शेवट: 'अ‍ॅन', 'अ‍ॅट', 'अ‍ॅग'. आडवी ओळ आणि उभी ओळ जिथे मिळते त्या रिकाम्या घरात कोणता शब्द बसेल, ते मुलाने ओळखायचे. 'र' आणि 'अ‍ॅन' मिळून 'रॅन', 'ब' आणि 'अ‍ॅट' मिळून 'बॅट'.

आपल्या वाचकांच्या लक्षात आले असेल, ही तर बाराखडी. एका बाजूला व्यंजन, दुसऱ्या बाजूला स्वर, मध्ये अक्षर. आपल्या मुलांना भिंतीवर लावलेला हा तक्ता आपण पाठ करायला लावतो. स्टॅनफर्डच्या मंडळींनी त्यातून वेगळे काम काढून घेतले. पर्यायांत ठेवलेले चुकीचे शब्द त्यांनी विचार करून निवडले होते. एका पर्यायात सुरुवात बरोबर आणि शेवट चूक, दुसऱ्यात शेवट बरोबर आणि सुरुवात चूक, तिसऱ्यात दोन्ही चूक. त्यामुळे मुलाने कुठे पेन टेकवले यावरून त्याला काय येत नाही ते कळत असे. सुरुवात चुकली तर यंत्र त्याला फक्त सुरुवातीच्या अक्षराच्या सरावाला नेई. शेवट चुकला तर शेवटाच्या. मूल काहीच न करता बसून राहिले तर त्याचीही वेगळी नोंद. आणि जमले की पुढे, बाकीच्या वर्गासाठी थांबायचे नाही.

'पातळीनुसार' म्हणजे हे. आजच्या अ‍ॅपमध्ये रंग जास्त, गाणी जास्त, हत्ती-माकडे नाचतात, पण आतले तत्त्व बदललेले नाही. एखादे अ‍ॅप चुकीच्या उत्तरावर फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत असेल आणि कोणती चूक झाली यानुसार पुढचा प्रश्न बदलत नसेल, तर ते १९६६ च्याही मागे आहे असे खुशाल समजा.

निकाल काय लागला? प्रयोगाची रचना चांगली होती. निम्मी मुले यंत्रावर वाचन शिकत होती आणि निम्मी गणित. म्हणजे यंत्राची नवलाई दोघांना सारखीच. वर्षाअखेर वाचनाच्या चाचण्यांत वाचनगटाची मुले पुढे होती. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ मुलाने सोडवलेल्या प्रश्नांत हजारोंचा फरक पडला. एकाच वर्गात, एकाच वयाची मुले! फळ्यावरचा एकच धडा या सगळ्यांना कसा पुरणार होता, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. आणखी एक गोष्ट दिसली. पहिलीच्या वर्गात वाचनात सहसा मुली पुढे असतात. यंत्रावर मुलगे जवळपास मुलींच्या बरोबरीने पुढे सरकले.

मात्र यंत्रणा अफाट महाग होती. काही वर्षांत याच गटाने पडदा, प्रोजेक्टर वगैरे सोडून टेलिफोनच्या तारेने जोडलेली साधी टेलिटाइप यंत्रे वापरली आणि मुलाचा यंत्रासमोरचा वेळ रोज आठ-दहा मिनिटांवर आणला. तेवढ्यानेही मुलांना फायदा झाला. पण आता भूमिका स्पष्ट झाली होती: वाचनाची सुरुवात, गोष्ट, अर्थ, गप्पा हे वर्गातल्या बाईंचे काम, अक्षर-शब्दाचा ज्याचा त्याचा सराव हे यंत्राचे. अ‍ॅरिस्टॉटल होण्याचा दावा मागे पडला आणि दहा मिनिटांचा मदतनीस उरला. आमच्या मते हीच खरी कमाई.

त्याच गावातल्या आया

स्टॅनफर्डच्या या प्रयोगावर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच गावात, त्याच सुमारास आणखी एक घडामोड चालू होती, तिची आठवण फार कोणी काढत नाही. गर्ट्रूड विल्क्स नावाच्या एका आईच्या लक्षात आले की गावातील मुले हायस्कूल पास होऊन बाहेर पडत आहेत आणि त्यांना धड वाचता येत नाही. शाळेने वर्षानुवर्षे त्यांना वरच्या वर्गात ढकलले होते. विल्क्स यांनी १९६५ मध्ये इतर आयांना घेऊन समान शिक्षणासाठी मातांची संघटना उभी केली. १९६६ मध्ये या आयांनी शनिवारची शाळा सुरू केली, आणि ती वाढून पुढे पूर्णवेळ 'नैरोबी डे स्कूल' झाली. नैरोबी हे आफ्रिकेतील शहराचे नाव मुद्दाम घेतले होते. १९६८ मध्ये तर गावाचेच नाव नैरोबी करावे म्हणून मतदान झाले, ते मात्र फसले.

म्हणजे एकाच वर्षी एकाच गरीब कृष्णवर्णीय वस्तीत दोन माणसांना एकच रोग दिसला. विद्यापीठाने यंत्र आणले. आयांनी शनिवारी दारे उघडली. यंत्राला हे कळत होते की मुलाचा शेवटचा ध्वनी चुकतो. आयांना हे कळत होते की मूल शाळेत गप्प का बसते. दोन्ही माहिती लागते, आणि ज्या वस्तीत दुसरी माहिती बाळगणारे कोणी नसेल तिथे पहिली कपाटात जाते.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. नंतरचे अभ्यास तेच दाखवतात. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने वाचन आणि गणिताच्या डझनभराहून अधिक सॉफ्टवेअरची मोठी तपासणी केली. ३३ जिल्हे, १३२ शाळा, ४३९ शिक्षक. २००७ मध्ये अहवाल आला: ज्या वर्गांत सॉफ्टवेअर दिले आणि ज्यांत दिले नाही, त्यांच्या गुणांत लक्षात घेण्याजोगा फरक नाही. कोट्यवधी डॉलर्सच्या धंद्याला ही चपराक होती. पण अहवालात एक बारकावा आहे. पहिलीच्या वर्गांत जिथे एका शिक्षकामागे मुले कमी होती तिथे परिणाम अधिक दिसला, आणि चौथीच्या वाचनात जिथे सॉफ्टवेअर जास्त वापरले गेले तिथे. खोका पोहोचवला म्हणजे काम झाले, असे होत नाही.

उलट टोकाचे उदाहरण टांझानियाचे. २०१९ मध्ये 'ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ' या स्पर्धेचा निकाल लागला. टांगा प्रांतातील सुमारे १७० गावांत जवळपास २७०० मुलांना टॅब दिले होते. त्यातील बहुतेक मुले कधी शाळेतच गेली नव्हती. शिक्षक नाही, फक्त टॅब, त्यातले स्वाहिली भाषेतील सॉफ्टवेअर आणि गावात सौरऊर्जेवर चार्जिंगची सोय. सुरुवातीला ९० टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीचा एकही शब्द वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनी ही संख्या निम्म्यावर आली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचा. जिथे काहीच नव्हते तिथे निम्मी मुले अक्षराच्या दारात आली, हे मोठे आहे. आणि सव्वा वर्ष टॅब हातात असूनही उरलेल्या निम्म्यांना एक शब्द वाचता आला नाही, हेही खरे आहे.

आपल्याकडचा अनुभव

आपल्या देशातला पुरावाही याच दिशेचा आहे. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने नव्वदच्या दशकात वस्तीतल्याच, दहावी-बारावी शिकलेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून नेमले. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले दिवसातले दोन तास या ताईकडे जात आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुळाक्षरांपासून शिकत. मुंबई आणि बडोद्यातील या कामाची शास्त्रीय तपासणी झाली, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ त्यात होते, आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बालसखीमुळे मुलांचे शिकणे स्पष्टपणे वाढले. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघे, असे गणिताचे खेळही दिले होते. गणितात त्याचा परिणाम बालसखीहूनही जास्त दिसला. पण वाचन शिकवले ते माणसाने, आणि 'पातळीनुसार' शिकवायला कॉम्प्युटर लागतोच असे नाही, हे बालसखीने दाखवून दिले. बारावी झालेली वस्तीतली मुलगी ते करू शकते. आपल्या अभ्यासिकांत अशा मुली भरपूर आहेत, फक्त आपण त्यांना स्पर्धा परीक्षेच्या तयारीपलीकडे काही विचारत नाही.

गुजरातमध्येच लेह लिंडेन या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट तपासली. गणिताचा तोच प्रोग्राम शाळेच्या तासात, शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी वापरला तेव्हा मुलांचे नुकसान झाले. शाळा सुटल्यावर जास्तीचा सराव म्हणून वापरला तेव्हा फायदा झाला. शिक्षकांच्या रिकाम्या जागा न भरता टॅब वाटण्याचे समर्थन कोणी करू लागले, तर हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे. आमच्या मते शिक्षकभरतीची मागणी आणि टॅबची मागणी या एकमेकींच्या बदल्यात घ्यायच्या गोष्टी नाहीत. टॅब घेऊन शिक्षक सोडून देणे हा तोट्याचा सौदा आहे.

दिल्लीचा अभ्यास वाचनाच्या जास्त जवळचा. 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर शाळेनंतरच्या केंद्रांत वापरले. मुले मुख्यतः सहावी ते नववीची, गरीब घरची, सरकारी शाळेतली. ९० मिनिटांपैकी ४५ मिनिटे सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटे छोट्या गटाला एक सहायक शिकवी. साडेचार महिन्यांत हिंदीत ०.२३ आणि गणितात ०.३७ प्रमाण विचलन इतकी वाढ झाली. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल हिंदीत साधारण नऊ जागा पुढे गेले. साडेचार महिन्यांसाठी हे भरपूर आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. ज्यांना हे सॉफ्टवेअर मिळाले नाही आणि जी मुळातच मागे होती, ती मुले या काळात जवळजवळ काहीच शिकली नाहीत. ती शाळेत जात होती, दप्तर घेऊन बसत होती. शिकणे शून्याच्या जवळ. सॉफ्टवेअर मिळालेली मागची मुले मात्र पुढच्या मुलांइतकीच पुढे सरकली.

आता ऐकणाऱ्या अ‍ॅपबद्दल. ब्रेंटवूडच्या यंत्राला मुलाचे वाचन ऐकू येत नव्हते, ते फक्त पेन कुठे टेकले ते पाहत होते. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी मुलाचे मोठ्याने वाचन ऐकून अडलेल्या शब्दाला मदत करणारा प्रोग्राम तयार केला. त्याच तऱ्हेचे 'रीड अलॉंग' अ‍ॅप गुगलने २०१९ मध्ये 'बोलो' नावाने भारतात आणले आणि मे २०२० मध्ये जगभर नऊ भाषांत दिले, त्यात मराठीही होती. इंटरनेट नसतानाही ते चालत असे. वाचन मोठ्याने करवून घेणे हे पर्यायावर बोट ठेवण्यापेक्षा कधीही चांगले, कारण चार पर्यायांत अंदाजाने बोट ठेवणारे मूल पंचवीस टक्के वेळा बरोबरच ठरते.

पण ऐकणाऱ्या यंत्राबाबत आपण एक चाचणी स्वतः करून पाहिली पाहिजे. समोर लिहिलेले आहे 'पाणी' आणि मूल म्हणते 'पानी'. त्याने वाचले का? वाचले. अक्षरे ओळखली, काना ओळखला, वेलांटी ओळखली, अर्थ कळला, आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारले. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत असेच बोलतात. 'ण' च्या जागी 'न' म्हटले म्हणून आपल्या मागच्या पिढ्यांनी वर्गात किती हसे सोसले, हे आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा. कितीतरी मुले त्या हसण्याच्या भीतीने मोठ्याने वाचायचीच थांबली. आता तोच लाल फुलीचा शेरा यंत्राने द्यायला लागले तर? म्हणून कोणतेही अ‍ॅप मुलांच्या हाती देण्याआधी वस्तीच्या बोलीत वाचणाऱ्या चार-पाच मुलांना ते वाचायला द्या आणि कशाकशाला चूक धरले जाते ते शेजारी बसून वहीत लिहा. प्रमाण उच्चार शिकवावेत, त्याला आमचा विरोध नाही, परीक्षा त्यातच द्यायची आहे. पण वाचता न येणे आणि वेगळ्या बोलीत वाचणे या दोन गोष्टी यंत्राने एकाच खात्यात टाकू नयेत. ते अ‍ॅप असे करत असेल तर बनवणाऱ्यांना लेखी कळवा.

पातळीचीही एक भीती आहे. यंत्र मुलाला 'पातळी १' म्हणते ते आजच्या सरावासाठी. शाळेत त्याचे 'पातळी १ ची मुले' असे नाव पडायला वेळ लागत नाही, आणि मग त्या मुलांचा बाक, त्यांची रांग, त्यांचा कोपरा ठरून जातो. जन्मावरून कप्पे पाडणाऱ्या समाजात गुणांवरून पाडलेला कप्पाही लवकर जन्माचा वाटू लागतो. यावर उपाय साधा आहे: गट दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलायचे, आणि गटांना अंक न देता काहीही नावे द्यायची. आमच्या ओळखीच्या एका अभ्यासिकेत गटांना नद्यांची नावे आहेत. गोदावरीतले मूल महिन्यात कृष्णेत जाते आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

मुलांच्या माहितीबद्दलही विचारले पाहिजे. अ‍ॅप मुलाचे नाव, शाळा, आवाज आणि चुका साठवते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. अभ्यासिकेत वीस मुलांची खाती एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या एकाच मोबाईल नंबरवर उघडली जातात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. आयांची बैठक घ्या, अ‍ॅप त्यांना दाखवा, मग खाते उघडा. बैठकीचा दुसरा फायदा असा की आईला कळते मूल काय शिकते आहे, आणि ती विचारू लागते.

आता ज्या अभ्यासिकेत टॅब आलेले आहेत किंवा येणार आहेत त्यांच्यासाठी, आम्हाला जे व्यवहारात जमण्यासारखे वाटते ते सांगतो. टॅब लावण्याआधी प्रत्येक मुलाची कागदावर तपासणी करा. 'असर' ची पद्धत यासाठी उत्तम आहे: एका कागदावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल एकेकटे बोलवायचे, शेजारी दुसरे मूल नको. एका मुलाला काही मिनिटे लागतात, दोन कार्यकर्ते एका संध्याकाळी तीस मुले तपासू शकतात. चुका जशाच्या तशा लिहा. 'घर'–'धर', 'मामा'–'ममा', असे. नुसते 'कच्चा' लिहून काही उपयोग नाही.

मग टॅबवर रोज दहा ते पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही, आणि हेडफोन असावेत, नाहीतर दहा टॅबच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही. टॅब कमी असतील तर दोघांना एक चालतो, पण दोघे एकाच गटातले असावेत, नाहीतर हुशार मूल बोट लावते आणि दुसरे पाहते. उरलेला तास-दीड तास ताई किंवा दादाबरोबर: गोष्ट मोठ्याने वाचणे, शब्दांचे खेळ, वहीत लिहिणे, वर्तमानपत्रातले मथळे शोधणे. आठवड्यातून एकदा अ‍ॅपचा अहवाल उघडून पाहणारी एक ठरावीक व्यक्ती हवी. हा अहवाल कोणी पाहत नाही, हेच बहुतेक ठिकाणचे दुखणे आहे. यंत्राने दाखवलेली चूक ताईला कळली नाही तर ती दुसऱ्या दिवशी तोच धडा सगळ्यांना शिकवणार.

शाळेत टॅब असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. पुढच्या बैठकीत त्यांनी इतकेच विचारावे: टॅब आठवड्याला किती वेळ मुलांच्या हातात असतात, अहवाल कोण पाहते, आणि जूनमध्ये अक्षरे न येणारी किती मुले होती व आज किती आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेकडे नसेल तर एक कागद, एक पेन आणि एक संध्याकाळ घेऊन ते आपणच शोधू शकतो.